शब्द टाकणाऱ्यांचा फळा

आमच्या भागात सरकारी कचेरीत एकटा आलेला माणूस दिसला की लोकांना त्याची काळजी वाटते. ह्याला कुणीच नाही की काय, असं मनात येतं. साधा उत्पन्नाचा दाखला काढायचा असला तरी माणूस सोबत मामाला आणतो, मामा आपल्या ओळखीच्या सरपंचाला आणतो, आणि सरपंच येता येता रस्त्यात भेटलेल्या एखाद्या गुरुजींना गाडीवर बसवून घेतो. चौघं मिळून टेबलासमोर उभे राहतात आणि ज्याचं काम असतं तो सगळ्यांत मागे. त्याला नाव विचारलं तर उत्तर मामा देतो. मी मूळची चाकूरकडची, त्यामुळे मला ह्यात कधी वावगं वाटलं नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी रुजू व्हायला मीसुद्धा चुलत्यांना घेऊनच गेले होते, आणि साहेबांशी तेच बोलले.

ह्याला आमच्याकडे शब्द टाकणं म्हणतात. शब्द टाकायला काही कारण लागत नाही. काम नियमात बसत असलं तरी टाकतात, बसत नसलं तर जरा मोठ्यानं टाकतात. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात, नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांत गेली, आणि मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. म्हणजे साहेबांच्या खालोखाल जिच्या टेबलावर फायली साचतात ती बाई मी. एवढ्या वर्षांत माझ्या टेबलावर किती शब्द पडले असतील, देव जाणे.

त्यातल्या एका कचेरीत काही महिने असे गेले, की शब्द टाकणाऱ्याला तो उघड्यावर, खडूनं लिहून टाकावा लागे. त्याची ही हकिकत आहे. कचेरी कुठल्या तालुक्याची ते सांगणार नाही. उघडपणाचा एवढा मोठा प्रयोग जिथं झाला तिचंच नाव लपवायचं, हे विचित्र दिसतं हे मला कळतं. पण माझ्या सेवापुस्तकाची एक दुरुस्ती अजून तिथं पडून आहे.

तर आमच्याकडे नवे तहसीलदार आले. स्पर्धा परीक्षेतून आलेले, वयानं लहान, अंगानं बारीक. घरून आणलेलं कोमट पाणी पीत. ज्यांना तहसीलची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. तहसीलदार म्हणजे तालुक्याचा कारभारीही आणि काही बाबतींत न्याय देणाराही. शेताला जायचा रस्ता कुणी अडवला तर त्याचा दावा त्यांच्यापुढे चालतो. मुरूम उचलायचा परवानाही तेच देतात. त्यामुळे एकाच दारात सकाळी वादी-प्रतिवादी उभे असतात आणि दुपारी ट्रॅक्टरवाले, आणि प्रत्येकाच्या मागे त्याचा मामा असतोच.

साहेब कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले आणि आल्या आल्या मला दालनात बोलावलं. चेहऱ्यावर तेज होतं. म्हणाले, "मॅडम, काही देशांत कायदा आहे. मंत्र्याला किंवा अधिकाऱ्याला दुसऱ्यासाठी भेटायचं असेल, तर आधी नाव नोंदवावं लागतं. कोणाच्या वतीनं आलो, कुठल्या कामासाठी, त्याबद्दल काय मिळणार, सगळं जाहीर करायचं. कुणीही नागरिक ते वाचू शकतो."

"आपल्याकडे आहे का असा कायदा?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"कार्यालयीन आदेश काढू," साहेब म्हणाले, आणि कोमट पाण्याचा घोट घेतला.

आदेश मीच लिहिला. निवडणुकीच्या प्रशिक्षणासाठी आणलेला एक लाकडी फळा मागच्या खोलीत पडून होता, तो गफूरभाईंनी पुसून साहेबांच्या दालनाबाहेर लावला. गफूरभाई आमचे शिपाई. कचेरीच्या भिंतींना माहीत नसेल ते त्यांना माहीत असे. फळ्यावर रकाने आखले. शब्द टाकणाऱ्याचं नाव, कोणासाठी, काम काय, नातं काय, आणि बदल्यात काय मिळालं किंवा मिळणार. ज्यानं त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं, खाली सही करायची. संध्याकाळी गफूरभाईंनी फळा पुसायचा. आदेशात साहेबांनी अशा माणसाला 'हितसंबंधी मध्यस्थ' म्हटलं होतं. गफूरभाईंना ते म्हणवेना, म्हणून ते दारातून पुकारत, "चला, शब्दवाले कोण हायत, खडू घ्या!"

आदेशात शेवटी एक कलम होतं आणि सगळा घोळ त्यानंच केला. ज्या प्रकरणात शब्द पडेल त्या प्रकरणात पुढचे आठ दिवस निर्णय द्यायचा नाही. साहेबांच्या मते शब्दाचा दबाव मनावर राहतो, तो निवळायला वेळ द्यावा. कलम वाचून मी म्हणाले, "साहेब, आपल्याकडे निर्णय तसेही आठ दिवसांत होत नाहीत." ते हसले नाहीत.

पहिला आठवडा व्याख्या ठरवण्यात गेला. एक जण आला आणि दारातून नुसता "साहेबांना नमस्कार सांगा" म्हणून निघाला. गफूरभाईंनी त्याला परत आणला. हा नमस्कार कोणासाठी, हे त्याला लिहिता येईना. एका पुजाऱ्यानं देवस्थानच्या जमिनीसाठी शब्द टाकला आणि 'कोणासाठी' ह्या रकान्यात 'मारुती' लिहिलं. नातं काय, तर 'सेवक'. बदल्यात काय मिळणार, ह्यावर तो बराच वेळ खडू हातात धरून उभा राहिला. शेवटी 'मोक्ष (बहुतेक)' असं लिहून गेला. एकदा अर्धापूरहून साहेबांच्या घरी केळीचा घड आला. साहेब घरी नव्हते. घड कचेरीत आणून फळ्यावर नोंद केली, 'केळीचा घड, परत पाठवला, थोडी केळी कमी'. ती केळी कुठं गेली ह्याची चौकशी साहेबांनी दोन दिवस चालवली. गफूरभाई त्या दोन दिवसांत माझ्याकडे बघत नव्हते.

साहेब मात्र सरळ माणूस. त्यांच्या सासूबाईंनी नांदेडहून फोन करून भाच्याच्या परवान्याबद्दल विचारलं, तर ह्या गृहस्थानं फोन ठेवला, बाहेर येऊन स्वतः खडू घेतला आणि लिहिलं, 'साहेबांच्या सासूबाई, भाच्यासाठी'. बदल्यात काय मिळणार ह्या रकान्यात 'घरात शांतता' लिहिलं. त्याचा फोटो कुणीतरी काढला. तो सासूबाईंपर्यंत पोचला. त्या वर्षी साहेब सणाला सासुरवाडीला गेले नाहीत आणि का गेले नाहीत हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

फोटोवरून आठवलं. लोकांना फळ्याची लाज वाटेल असा साहेबांचा अंदाज होता. लाज कुठली वाटतेय! आपलं नाव साहेबांच्या दाराशी, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे, तेही स्वतःच्या अक्षरात. लोक पांढरे कपडे घालून फळ्याशी येऊ लागले. एक जण लिहितोय, दुसरा मोबाइल धरून "भाऊ, जरा इकडं बघा" म्हणतोय. बाहेर लिंबाखाली बसणारे दलाल गिऱ्हाइकाला आदल्या दिवशीचा फोटो दाखवत आणि म्हणत, "कालच फळ्यावर हुतो, खोटं वाटतंय का?" काहींना शब्द टाकायला काम मिळेना, तर ते रांगेतल्या अनोळखी माणसाला विचारू लागले, "तुमचं काय हाय? मी टाकू का शब्द?"

ह्या सगळ्या गर्दीत एक बाई नेहमी एकटी येई. शेवंताबाई तिचं नाव. पन्नाशीची, उंच, खणखणीत आवाजाची. नवरा एस.टी.त कंडक्टर, औसा-लातूर गाडीवर, म्हणून शेत तीच बघे. मी पहिल्यांदा विचारलं, "सोबत कुणी नाही का?" तर म्हणाली, "मालक गाडीवर असतेत. त्येंला सुटी मिळंस्तोवर थांबले तर माझं सोयाबीन रानातच उगवून येईल परत."

तिचा दावा रस्त्याचा होता. तिच्या शेताला जायची गाडीवाट शेजारच्या रानातून होती, पिढ्यान्‌पिढ्यांची. ते रान बालाजीभाऊंनी विकत घेतलं आणि वाटेवर आडवा चर खणून तार मारली. पेरणीला शेवंताबाईनं बियाणं डोक्यावर नेलं. पण सोयाबीन डोक्यावर मळता येत नाही, त्याला मळणीयंत्र रानात जावं लागतं. आणि सोयाबीनचं असं असतं, की वाळल्यावर वेळेत काढलं नाही तर उन्हानं शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात. साहेबांनी भर पावसात जागेची पाहणी केली होती, जुने नकाशे बघितले होते, वाट स्पष्ट होती. निकाल तेवढा द्यायचा राहिला होता.

बालाजीभाऊंची ओळख करून द्यायला हवी. माणूस गोड. कचेरीत आला की शिपायापासून सगळ्यांना वाकून नमस्कार. त्यांना जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं. निवडणूक लागली नव्हती, कधी लागेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण बालाजीभाऊ उभेच होते. मुरूम उचलायच्या परवान्यासाठी त्यांचा एक अर्जही आमच्याकडे होता, आणि त्यांचे ट्रॅक्टर त्या परवान्याची वाट बघत दारात उभे होते.

आता त्या आठ दिवसांच्या कलमाकडे येते. ते पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात शिरलं, मला माहीत नाही. पण एका सोमवारी दोन सख्खे भाऊ आले. वाटणीवरून कोर्टकचेऱ्या चाललेले, एकमेकांचं तोंड न बघणारे. थोरल्यानं फळ्यावर धाकट्यासाठी शब्द टाकला. लिहिलं, 'माझा भाऊ फार गरीब आहे, त्याचं काम लवकर करावं'. धाकटा ते वाचून लालबुंद झाला, त्यानं खडू हिसकावला आणि थोरल्यासाठी शब्द टाकला. साहेब दालनातून हे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले. मला म्हणाले, "मॅडम, उघडपणानं माणूस बदलतो."

मी बाहेर आले तर गफूरभाई भिंतीला टेकून हसत होते. म्हणाले, "म्याडम, तुमी समजले नाय. ज्याच्यासाठी शब्द पडला त्याचं काम आठ दिवस मागं. मग दोस्तासाठी कोण टाकंल? आता दुश्मनासाठीच टाकतेत."

आठवडाभरात तालुक्याची रीत फिरली. ज्याचं काम व्हावं असं वाटे त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढेना. ज्याला अडवायचा त्याच्यावर स्तुतीचा वर्षाव. फळा वाचला तर वाटावं, इथं सगळे एकमेकांवर जीव टाकतात. हाडवैरी एकमेकांना 'सज्जन', 'होतकरू', 'देवमाणूस' लिहीत होते. एका माणसाला तर आपल्यासाठी कुणीतरी शब्द टाकल्याचं कळलं, तसा तो धावत आला आणि दारातच ओरडला, "कोण हाय त्यो? माझ्याबद्दल चांगलं कोण बोललं, समोर या म्हणावं!"

मी साहेबांना सांगितलं. खरं म्हणजे जरा आवाज चढवूनच सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, कोण बोललं आणि कोणासाठी बोललं हे जाहीर करणं आपल्या आदेशात आहे. कुठल्या हेतूनं बोललं हे तपासणं आदेशात नाही." मला संताप आला. पण आदेश मीच लिहिला होता आणि हेतूचा रकाना त्यात खरंच नव्हता.

शेवंताबाईच्या निकालाच्या आदल्या दिवशी बालाजीभाऊ आले. वाकून नमस्कार केला, खडू घेतला आणि सावकाश लिहिलं. 'बालाजीभाऊ. शेवंताबाईसाठी. रस्ता मोकळा करून द्यावा. नातं शेजारी. बदल्यात काही नको.' खाली सही. मागे फोटोवाला होताच. निकाल आठ दिवस पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई आली, तिला हे कळलं, आणि ती चक्क खुलली. "भाऊनं माझ्यासाठी शब्द टाकला? सोताहून?" म्हणून दोनदा विचारलं. आठ दिवसांनी ती आली, तर आदल्या दिवशी भाऊ पुन्हा येऊन गेले होते. ह्या खेपेला 'अन्यायग्रस्त भगिनी' लिहिलं होतं. त्याच्यापुढच्या आठवड्यात 'काळजाला घरं पडली' असं लिहिलं. निकाल पुन्हा पुढं.

बाहेर ऊन कडकडीत पडायला लागलं होतं. मी येता-जाता रस्त्याकडेची सोयाबीनची रानं बघत असे. पानं गळून नुसत्या पिवळ्या शेंगा उभ्या होत्या. मला त्या बाईची कीव येत होती आणि रागही येत होता, कारण ती दर खेपेला बालाजीभाऊंचं कौतुक करत होती. एकदा न राहवून मी तिला बाजूला घेतलं.

"शेवंताबाई, भाऊंना म्हणावं, आता शब्द टाकणं पुरे."

"काहून वो म्याडम? एवढं चांगलं बोलायलेत."

"शब्द पडला की निकाल आठ दिवस थांबतो. असा आदेश आहे."

ती फळ्याकडे बघत राहिली. खाली आदेशाची प्रत चिकटवलेली होती, ती तिनं ओळीवर बोट ठेवून सगळी वाचली. मग म्हणाली, "म्हंजी चांगलं बोललं तरी थांबतो?"

"चांगलं बोललं तरी."

"आसं हाय व्हय." तिनं पदर खोचला. "पर भाऊ मानूस चांगला हाय बगा." आणि गेली. मी कपाळाला हात लावला. घरी गेल्यावरही मला तिचाच राग येत राहिला. एवढी खणखणीत बाई आणि इतकी भोळी कशी!

पुढच्या तारखेला कचेरीत गर्दी होती. बालाजीभाऊंच्या गावचीच पंचवीसेक माणसं, म्हातारी-कोतारी, चार-दोन पोरं. मला वाटलं भाऊंनी आणलीत. भाऊंना वाटलं, आपल्यालाच भेटायला आलीत. ते सगळ्यांना नमस्कार करत फिरले, आणि मग फळ्यावर जाऊन त्या दिवशीचा शब्द टाकला. म्हणजे अजून आठ दिवस. साहेबांनी सुनावणी घेतली, दोघांना उभं केलं आणि जरा ओशाळून म्हणाले, "आजही शिफारस आलेली आहे. आदेशाप्रमाणे मला आज निकाल देता येणार नाही."

"निकाल नगंच साहेब," शेवंताबाई म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं.

"म्हंजी निकाल कवा लागतो? भांडान आसलं तर. मी म्हनते रस्ता द्या. भाऊबी म्हनतेत रस्ता द्या. मग भांडान कुठं हाय?" ती मागं वळून म्हणाली, "आना गं ते."

दोन बायकांनी एक भलंमोठं गुंडाळं आत आणलं आणि दालनात उलगडलं. फ्लेक्स होता. बालाजीभाऊंच्या वाढदिवसाचा, गावच्या चौकात लावलेला. एवढा मोठा की दालनातल्या खुर्च्या बाहेर काढाव्या लागल्या आणि साहेबांना भाऊंच्या शर्टाच्या कडेवर उभं राहावं लागलं. भाऊ काळा चष्मा लावून, फोन कानाला धरून हसत होते. बाजूला फळ्याचे फोटो छापलेले, भाऊंचं अक्षर, भाऊंची सही. आणि वर ठळक अक्षरांत, 'शेवंताबाईंच्या शेतरस्त्यासाठी तहसीलदारांकडे वारंवार शब्द टाकणारे, गोरगरिबांचे कैवारी'.

"हे कचेरीत कसं आलं?" बालाजीभाऊ पहिल्यांदाच नमस्कार न करता बोलले.

"वारं सुटलं हुतं भाऊ. खाली पडलं, म्हनून उचलून आनलं. तुमचं त्वांड मातीत गेलेलं मला बघवंना."

फ्लेक्सच्या चारही कोपऱ्यांना दोऱ्यांचे तुकडे होते. विळ्यानं कापल्यासारखे सरळ.

साहेब फ्लेक्सवरचे फोटो वाकून वाचत होते. मग सरळ उभे राहून म्हणाले, "बालाजीराव, ही सही तुमची?"

"सही माझीच हाय साहेब. पर ते आसं... मी तत्त्वतः म्हनलो हुतो."

"तत्त्वतः रस्ता द्यावा असं?"

"हाव. म्हंजी न्हाई. म्हंजी कसं..." भाऊंनी मागं बघितलं. गावची पंचवीस माणसं दारात उभी होती. एक म्हातारा पुढं येऊन म्हणाला, "भाऊ, लई मोठं मन तुमचं. आमच्याबी रस्त्याचं बघा आता." हो म्हणावं तर रस्ता जातो. नाही म्हणावं तर ही सगळी माणसं साक्षीला, आणि फ्लेक्स पायाखाली.

मी तोवर कागद घेतला होता. तडजोडीला निर्णय म्हणत नाहीत. दोन्ही बाजू एकच म्हणत असतील तर साहेबांनी ते लिहून घ्यायचं आणि त्यावर सही करायची. आठ दिवसांचं कलम निर्णयाला होतं, तडजोडीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. आदेश मीच लिहिलेला, त्यामुळे हे मला चांगलं माहीत होतं. चार ओळींचा तडजोडनामा लिहून मी तो फ्लेक्सवरच, भाऊंच्या फोटोच्या खिशाशी ठेवला. बालाजीभाऊंनी सही केली. फोटोवाल्यानं सवयीनं "भाऊ, इकडं बघा" म्हटलं आणि भाऊ सवयीनं हसले.

त्याच दिवशी चर बुजवला. दुसऱ्या दिवशी यंत्र रानात गेलं. थोड्या शेंगा तडकल्या होत्या, पण बरंचसं सोयाबीन घरी आलं. मला हे औशाच्या बसस्टँडवर तिच्या नवऱ्यानं सांगितलं. तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "रास झाकायला त्योच फ्लेक्स घेतला म्याडम. लई टिकाऊ हाय." आणि माझं तिकीट घेऊ देईना. मी घेतलं. तेवढ्यावरून कुठं फळ्यावर जायचं!

साहेब पुढं बदलून गेले. नवे आले ते म्हणाले, हे काय शाळेसारखं? आणि फळा काढून टाकला. मामा, सरपंच आणि गुरुजी पुन्हा टेबलाशी येऊन उभे राहिले. फळा असताना कोण कोणासाठी बोलतं हे सगळ्यांना दिसायचं आणि काम काही व्हायचं नाही. फळा गेल्यावर कामं होऊ लागली, कुणाच्या शब्दानं झाली ते मात्र दिसेना. ह्यातलं बरं कुठलं, हे मला निवृत्त होईस्तोवर ठरवता आलं नाही. पण खोटं का होईना, माणसं एकमेकांबद्दल चांगलं लिहीत होती, ते बघायची मला सवय झाली होती. पुसलेला फळा मागच्या खोलीत गेला तेव्हा मला वाईट वाटलं.

पण हे सगळं नंतरचं. फळा अजून भिंतीवर होता तेव्हा, दिवाळीच्या तोंडावर, शेवंताबाई पुन्हा एकदा आली. नवं लुगडं नेसून, एकटीच. मला वाटलं, रस्त्यावरून परत काही झालं.

"न्हाई म्याडम. रस्ता चांगला हाय. भाऊचा मुरमाचा परवाना कुठवर आला, म्हनून इचारायला आले."

"उद्या साहेबांची सही होईल. का?"

"न्हाई, भाऊनं माझ्यासाठी एवढं केलं. इतक्यांदा आले, इतकं चांगलं लिवलं. मी एकदा तरी त्येंच्यासाठी नगं का यायला?" ती फळ्यासमोर उभी राहिली, पदर खोचला आणि मोठ्या, गोलगरगरीत अक्षरात लिहायला लागली. 'शेवंताबाई. बालाजीभाऊसाठी. मुरमाचा परवाना द्यावा. नातं शेजारी. बदल्यात काही नको. भाऊ लई चांगला माणूस आहे.' खाली सही केली. मग मागं सरकून आपलं अक्षर बघितलं आणि माझ्याकडे वळली. चेहरा अगदी साधा होता.

"आठ दिवस कवा भरतेत म्याडम? तवा परत येते."

गफूरभाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि कुणी न सांगता भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजायला लागले. तिच्या हातातला खडू पार झिजला होता. मी टेबलाचा खण उघडला आणि पुढच्या वेळेसाठी नवा काढून ठेवला.